फुलवाल्यांकडची बाई

फुलवालीला राग यायला तसा फारसा वेळ लागत नाही. नाकाच्या शेंड्यावरच असतो, असं तिची सख्खी बहीण सांगते. पण नेहमीचा राग ती बोलून मोकळी होते, दहा मिनिटांत विसरूनही जाते. त्या दुपारी लग्नाच्या हॉलच्या मागच्या दाराशी तिला जो राग आला तो बाहेरच पडेना.

झालं होतं असं. पहाटे पाचपासून ती त्या हॉलमध्ये राबत होती. दाराशी फुलांची कमान, बावीस टेबलांवर बावीस फुलदाण्या, जिन्याच्या कठड्यावरून सोडलेली वेल आणि नवरीच्या हातातला गुच्छ. कमानीची तार पिळताना उजव्या हाताची दोन बोटं सोलली, त्यांना चिकटपट्टी गुंडाळून तिने काम पुढे रेटलं. तिचा नवरा खाली शिडी धरून उभा होता. आता शिडी धरणं हेही कामच, नाही कोण म्हणतंय? पण कमान काही शिडी धरून होत नाही.

लग्न लागलं, जेवणं उरकली आणि नवरीची आत्या हातात पाकिटांचा गठ्ठा घेऊन फिरायला लागली. आत्याबाई मोठ्या टापटिपीच्या. लग्नाच्या कामाला आलेल्या माणसांपैकी कुणाला बक्षिसी द्यायची आणि कुणाला नाही, हे त्यांनी चार जाणत्यांना विचारून आधीच कागदावर उतरवून काढलं होतं. वाढप्यांना द्यायची, ड्रायव्हरला द्यायची, नवरीचे केस बांधणाऱ्या मुलीला द्यायची, फोटोवाल्याच्या मदतनिसाला द्यायची. मालकाला मात्र नाही. ज्याचा स्वतःचा धंदा आहे त्याच्या हातावर बक्षिसी ठेवणं म्हणजे त्याचा अपमान. त्याच्याशी हात मिळवायचा आणि कामाची मनापासून तारीफ करायची. नियम वाईट आहे का? मुळीच नाही. पण माणूस ओळखण्यात चूक झाली की चांगला नियमसुद्धा कशी थोबाडीत मारतो ते बघा.

आत्याबाई आल्या त्या सरळ फुलवालीच्या कोट घातलेल्या नवऱ्याकडे गेल्या. त्याच्याशी हात मिळवला, अशी कमान आजवर पाहिली नाही म्हणाल्या, तुमच्या हातात जादू आहे म्हणाल्या. नवरा हसला आणि आपलं नेहमीचंच काम हो, असं म्हणाला. मग आत्याबाई वळल्या. फुलवाली ओल्या एप्रनमध्ये बादल्या रिकाम्या करत होती. तिच्या हातात त्यांनी एक पाकीट ठेवलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे तुमचं. मालकांना दाखवू नका बरं, नाहीतर कापून घेतील."

पाकिटावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, फुलवाल्यांकडची बाई.

दुकान कुणाचं? तिच्या वडिलांचं. देठ तिरका का कापायचा, कळी किती उमलली की वापरायची, कुठलं फूल कुठल्या फुलाशेजारी दोन तासांत मान टाकतं, हे सगळं ती फ्रॉकच्या वयापासून वडिलांच्या शेजारी स्टुलावर बसून शिकलेली. वडील गेले तेव्हा दुकान तिच्या नावावर झालं. नवरा तेव्हा टायर कंपनीच्या ऑफिसात होता. पुढे कंपनी बंद पडली आणि तो घरात बसला. बसला म्हणजे बसलाच. दाढी नाही, बोलणं नाही, दिवसभर भिंतीकडे तोंड. तिला बघवेना. तिने त्याला दुकानात आणलं, शिवून घेतलेला एक कोट दिला आणि एक दिवस छापखान्यात जाऊन त्याच्या नावाची कार्डं छापून आणली. नावाखाली छापवलं, मालक. कार्डाचा गठ्ठा हातात पडला तेव्हा नवरा कित्येक महिन्यांनी हसला होता. त्या हसण्यापायी तिने आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला. पण हे कळायला बाईसाहेबांना पुरी सव्वीस वर्षं लागली.

कारण कार्ड दिलं ते आजारी माणसाला टॉनिक द्यावं तसं, आणि पठ्ठ्या ते कायमचं प्यायला लागला. गिऱ्हाईक आलं की कोट पुढे आणि एप्रन मागे. कोणी फुलाचं नाव विचारलं की नवरा छताकडे बघायचा, मागे झाडणाऱ्या फुलवालीने हळूच नाव पुटपुटायचं आणि त्याने ते खणखणीत आवाजात गिऱ्हाइकाला सांगायचं. इतकं अंगवळणी पडलं होतं दोघांच्या की त्यात काही वावगं आहे असं कधी कुणाला वाटलंच नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते वेगळं काय असतं?

तर पाकीट हातात घेऊन ती उभी राहिली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. तो चार पावलांवर होता. सगळं ऐकलं होतं त्याने. पैशाचा प्रश्नच नव्हता. त्याने फक्त एक वाक्य बोलायला हवं होतं, अहो, हे सगळं हिचं काम आहे. सहा शब्द. एवढे बोलला असता तर ती पाकीटही हसत परत देऊन मोकळी झाली असती. तो मूग गिळून गप्प उभा राहिला, आणि वर कोटाच्या बाहीवरची पाकळी झटकली.

आत्याबाई पुढे गेल्यावर तिने त्याला बादल्यांमागे गाठलं. तुम्ही बोलला का नाहीत, असं विचारलं. तर म्हणतो कसा, पैसे मिळाले ना, मग मनाला कशाला लावून घेतेस? लोकांना काय कळतंय? आणि वर सल्ला, की आता उगाच तमाशा करू नकोस, आत्याबाईंच्या मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आलंय, ते काम आपल्यालाच मिळणार आहे. आपल्याला! तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोललेली बोटं ठणकत होती ती निराळीच.

आणि तेवढ्यात आत्याबाई परत आल्याच, हातात वही घेऊन. नवरीचा गुच्छ त्यांच्या मनात भरला होता. आपल्या मुलीला अगदी तसाच हवा होता. त्यांनी कोटवाल्या मालकांना विचारलं, त्या गुच्छातली पांढरी फुलं कुठली?

नवरा छताकडे बघायला लागला.

फुलवालीच्या जिभेच्या टोकावर नाव आलं होतं. सव्वीस वर्षांची सवय, ओठ हललेसुद्धा. पण तिने ओठ मिटले आणि रिकामी बादली पालथी घालून तिच्यावर बसली. नवऱ्याने एकदा तिरक्या डोळ्याने तिच्याकडे बघितलं. मग खाकरला. पुन्हा बघितलं. ती आपली एप्रनची गाठ सोडून पुन्हा बांधत होती. आत्याबाई पेन उघडून थांबल्या होत्या.

शेवटी तो म्हणाला, पांढरा गुलाब, आणि आत्याबाईंनी ते वहीत लिहूनही घेतलं.

गुलाब! अहो, तिने गुलाब मुद्दाम टाळला होता. नवरीच्या हातांना भीतीने घाम सुटतो, गुच्छ ती घट्ट आवळून धरते, एखादा राहून गेलेला काटा रुतायला नको, म्हणून तिने दोन दिवस बाजार पालथा घालून ती फुलं मिळवली होती. तिचं नाव नाही तर नाही, निदान फुलाचं नाव तरी धड सांगावं. इथे मात्र तिला राहवलं नाही.

ती उठली. "गुलाब नाहीत ते," ती म्हणाली. "लिसिअँथस म्हणतात त्यांना. दिसतात गुलाबासारखे, काटे नसतात. गुच्छ मी केलाय. कमान मी केलीय. दुकान माझ्या वडिलांचं होतं, आता माझं आहे."

आवाज चढला नव्हता. आत्याबाई तिच्याकडे बघायला लागल्या, मग कोटाकडे, मग पुन्हा तिच्या चिकटपट्टीच्या बोटांकडे. आत्याबाई हुशार होत्या. त्यांनी वहीतला गुलाब खोडला, आणि नवऱ्याला साधा, सरळ प्रश्न विचारला.

"मग तुम्ही काय करता?"

वाईट हेतू नव्हता त्यात. पण नवऱ्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. कार्ड काढावं म्हणून हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. तोंडावरचं रक्त उतरलं होतं. ते बघून फुलवालीला एक क्षण वाटलं, सावरून घ्यावं, हिशेबाचं सगळं हेच बघतात असं काहीतरी सांगावं. नाही सांगितलं तिने. का सांगावं?

"मी गाडी चालवतो," शेवटी तो म्हणाला. "सामान उचलतो. शिडी धरतो."

आत्याबाईंनी मान डोलावली. नियम म्हणजे नियम. त्यांनी फुलवालीच्या हातातलं पाकीट परत घेतलं, त्यावरचं 'कडची बाई' रेघ मारून खोडलं, वर 'कडचा माणूस' असं लिहिलं आणि ते नवऱ्याच्या हातात दिलं. मग फुलवालीला हाताला धरून खुर्चीवर नेऊन बसवलं आणि मुलीच्या लग्नाचं सगळं तिलाच विचारायला लागल्या. कमान केवढी, दिवस थंडीचे आहेत तर काय टिकेल, मुलीला पिवळा रंग आवडत नाही. तासभर बोलत होत्या दोघी. नवरा तेवढ्यात एकट्याने बावीस फुलदाण्या गाडीत भरून आला.

परतीचा रस्ता लागला. तो गाडी चालवत होता. पाकीट समोरच्या काचेपाशी ठेवलं होतं, वळणावर इकडून तिकडे सरकत होतं, आणि त्याने ते एकदाही उचलून नीट ठेवलं नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा तो समोर बघूनच बोलला.

"चांगली होती बाई. प्रेमाने दिलं तिने. पण हातात पडलं ना, तेव्हा कसंतरीच झालं गं. जसा मी कुणीच नव्हतो तिथे."

फुलवालीने खिडकीतून तोंड आत वळवलं.

"तुम्हाला निदान पहिल्याच दिवशी पाकीट मिळालं," ती म्हणाली.

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या, तरी त्याचा पाय ब्रेकवरून निघेना.