बस्त्याची बाई

अहमदनगरच्या कापड बाजारात राधाकृष्ण शेठजींच्या दुकानाला मागे एक खोली होती, आणि त्या खोलीत लंकाबाई असायची. पुढे गादीवर शेठजी आणि त्यांचे दोन नोकर गिऱ्हाइकांपुढे लुगड्यांचे ढीग टाकत. पण लग्नाचा बस्ता खरा ठरायचा तो मागे. गावाकडून लग्नघरची पंधरा-वीस माणसं येत आणि एकाच बैठकीत नवरीच्या शालूपासून न्हाव्याच्या उपरण्यापर्यंत सगळं कापड घेऊन जात. पुरुष गादीवर लोडाला टेकत. बायका मागच्या खोलीत पाय पसरत, भाकरी सोडत, तान्ह्यांना पाजत, आणि कोणाला काय द्यायचं ते लंकाबाईला विचारत.

ती कोल्हारची लेक. नवरा शेठजींकडे गठ्ठे वाहायचा. तो गेला तेव्हा ती पाणी भरण्याच्या कामावर आली आणि वीस वर्षं राहिली. अक्षर ओळखायची नाही, पण कोणत्या घरातल्या जावा एकमेकींशी बोलत नाहीत, कोणाला हिरवा रंग लाभत नाही, थोरल्या नणंदेचा काठ धाकटीच्या काठापेक्षा बोटभर रुंद का हवा, हे तिला तोंडपाठ होतं. शेठजी चुकीचा नग पुढे करू लागले की पडद्याआडून बांगड्या वाजायच्या. शेठजी तो नग गुपचूप बाजूला सारून दुसरा काढायचे. या खुणेमुळे कितीतरी लग्नांतले रुसवे टळले होते.

सत्तर सालच्या दिवाळीनंतर बाजारात काही परकी माणसं फिरू लागली. गोड बोलायची, चहाला नाही म्हणायची नाहीत, दुकानाची लांबी-रुंदी विचारायची. कोपऱ्यावरच्या जोडे शिवणाऱ्याकडे ती दोनदा येऊन बसली. दोन महिन्यांनी तिथे बुटांच्या कंपनीची पाटी लागली. तसलीच पाटी, तेच अक्षर पुण्यात आणि नाशकातही आहे, असं लोक सांगत. मग घोंगड्यांचं दुकान गेलं. कुठे भांडण झालं नाही, कोणी ओरडलं नाही. एक दिवस फळ्या लागायच्या, आतून ठोकल्याचा आवाज यायचा, आणि फळ्या निघाल्या की जुना मालक कुठेच दिसायचा नाही. पुढे तो बाजारात भाजी घ्यायला आला तरी त्या गल्लीतून जायचा नाही.

समोरच्या बाजूला मुंबईच्या एका मिलनं आपलं दुकान घातलं. काचेचं दार, भर दिवसा ट्यूबलाइट, ‘एकच भाव’ अशी पाटी आणि दाराशी खाकीतला दरवान. बसायला जागा नव्हती. गिऱ्हाइकानं उभं राहायचं. शहरातली, सावेडीकडच्या बंगल्यांतली माणसं तिथे जाऊ लागली. गावाकडच्या बायका मात्र दारापर्यंत येत, काचेत आपलंच तोंड बघत आणि मागे फिरत.

“काचेला काय, कावळा बी धडकतो,” लंकाबाईची सासू कडूबाई म्हणायची. तोफखाना भागातल्या एका खोलीत या दोघी राहत. म्हातारीला दिसत नव्हतं, पण बाजारात काय झालं ते तिला सुनेच्या पावलांवरून कळायचं. “आज आनखी एक गेलं वाटतं,” ती अंथरुणातून म्हणायची, आणि बहुधा ते खरं असायचं.

एकाहत्तरच्या चैत्रात ती परकी माणसं शेठजींच्या गादीवर येऊन बसली. ती गेल्यावर शेठजींनी लंकाबाईला पुढे बोलावून घेतलं आणि काही आडपडदा न ठेवता सांगितलं. दुकान मागताहेत. मुलाचं मन देण्याकडे आहे. त्यांचं स्वतःचं अजून ठरत नव्हतं. वैशाखात कोल्हारच्या रंभाजीच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्या घराचे तीन पिढ्यांचे बस्ते याच गादीवर बांधलेले. ते लोक आले तर या दुकानात माणसं अजून येतात असं शेठजी धरणार होते. नाही आले तर सही करणार होते. मग मागच्या खोलीचं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

रंभाजी लंकाबाईचा चुलतभाऊ. ती आठ दिवस खोली सारवत होती.

ते आले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून बावीस माणसं उतरली. लंकाबाईनं बायकांच्या पायांवर पाणी घातलं, नवऱ्या मुलीची, चांगुणाची, दृष्ट काढली. पुढे गादीवर रंभाजीनं हळदीकुंकू वाहिलेलं पहिलं लुगडं उचललं तेव्हा शेठजींनी पडद्याकडे पाहिलं. तिला वाटलं, वाचलो.

मग रंभाजीनं घसा साफ केला. नवरा मुलगा साखर कारखान्यात कारकून होता. त्याच्या आईचा निरोप होता की शालू समोरच्या दुकानातला हवा, त्यांच्या शिक्क्याच्या पेटीतला. तेवढा एक शालू, बाकी सगळं इथलंच. शेठजींनी मान हलवली. रंभाजी म्हणाला, ते बायकांचं काम, त्यांनीच जाऊन यावं. म्हणून त्याची बायको मनकर्णा एकटीच उठून गेली.

बराच वेळ झाला तरी ती येईना. लंकाबाईनं दुकानाच्या पायरीवर येऊन पाहिलं. देवळात जावं तशी मनकर्णानं काचेच्या दाराबाहेर वहाणा काढून ठेवल्या होत्या. दरवान तिच्याकडे बघत होता. दार कुठे ढकलायचं ते तिला कळत नव्हतं, विचारायची लाज वाटत होती, आणि परत फिरावं तर विहिणीचा निरोप आडवा येत होता. वैशाखातल्या दुपारच्या डांबरावर ती एक पाय उचलत होती, मग दुसरा.

लंकाबाईनं काही विचार केला नाही. माहेरची भावजय भर बाजारात अनवाणी उभी होती. ती रस्ता ओलांडून गेली.

“वन्सं, मला न्हाई जमायचं. आतली मानसं हसत्याल.”

“हसू दे. वहाणा घाल आदी.” तिनं मनकर्णाचा हात धरला आणि दुसऱ्या हातानं काच ढकलली. ती स्वतःही त्या दारातून कधी गेली नव्हती. दार अगदी हलकं होतं.

आत पंखे होते. लाकडी फळीमागचा तरुण विक्रेता नमस्कार करून शालू उलगडू लागला. तोवर दार पुन्हा उघडलं. मागच्या खोलीतल्या बायका एकेक करून येत होत्या. लंकाबाई गेली म्हणजे जायला हरकत नाही, एवढंच त्यांना कळलं होतं. नायलॉनच्या साड्यांवर हात फिरू लागले. कोणीतरी विचारलं, ही थोरल्या आत्याला चालेल का? आणि लंकाबाईच्या तोंडून उत्तर गेलं. थोरलीला ही नको, तिला रुंद काठाची काढा. धाकटीला जांभळी देऊ नका, तिच्या जावेची तीच आहे. विक्रेता पटापट काढत होता. काउंटरच्या टोकाला उभा असलेला मॅनेजर साड्यांकडे पाहत नव्हता, तिच्याकडे पाहत होता.

दोन तासांनी त्या बाहेर पडल्या तेव्हा शिक्क्याच्या पेट्या अकरा होत्या.

शेठजी गादीवर स्वतःच लुगड्यांच्या घड्या घालत होते. रंभाजीनं खाली मान घालून धोतरं आणि पटके घेतले, गरजेपेक्षा चार जास्तच. ट्रॉली गेल्यावर शेठजी म्हणाले, “लंकाबाई, पाणी प्या.”

“उन्हात अनवानी हुती वो शेठजी. माहेरचं मानूस.”

“मी बोल लावत नाही. समोरच्यांचं सगळं होतं, फक्त दार उघडून देणारं माणूस नव्हतं. इतके महिने त्यांना ते जमलं नव्हतं.” त्यांनी घडी घातलेलं लुगडं पुन्हा उलगडलं आणि पुन्हा घडी घातली.

आठ दिवसांत शेठजींच्या दुकानाला फळ्या लागल्या. त्या निघाल्या तेव्हा आत त्याच मिलच्या चादरी आणि टॉवेल आले होते, आणि मागची खोली खोक्यांनी आढ्यापर्यंत भरली होती.

मॅनेजर स्वतः तोफखान्यात आला. कडूबाईच्या घोंगडीवर मांडी घालून बसला, गुळाचा चहा प्याला. काम सोपं होतं. गावाकडच्या बायका आल्या की त्यांना आत आणायचं.

“म्हंजी दारात हुबं ऱ्हायाचं,” कडूबाई म्हणाली. “दारात तर भिकारी बी हुबं ऱ्हातंय.”

“आजी, भिकारी आत येत नाही. या आत येणार.”

तो गेल्यावर म्हातारीनं त्याचा कप चाचपून बाजूला सारला. मग म्हणाली, “लंके, ह्यो मानूस गोड बोलला. तू जा, जायाला तर लागंल. पर जपून बोल.”

निळी साडी मिळाली, पदराला कंपनीचा शिक्का असलेली. पारनेरच्या, राहुरीच्या, कोल्हारच्या बायका तिला ओळखायच्या. वहाणा काढू लागल्या की ती म्हणायची, घालूनच या. त्या यायच्या. बसायला जागा नव्हती, म्हणून आपलं सुखदुःख सांगायला कोणी थांबत नव्हतं. त्यांचं काय चाललंय ते तिला हळूहळू कळेनासं झालं.

श्रावणात एका दुपारी मॅनेजरनं तिच्यासाठी बाहेरून चहा मागवला आणि कप स्वतः तिच्या हातात दिला. कंपनीला तयार कपड्यांसाठी आणखी जागा हवी होती. पलीकडच्या कासाराच्या दुकानात बायका एवढा वेळ काय करतात, त्यानं सहज विचारलं.

“मागं न्हानी हाय, आन् बाळंतिनीला पडाया खाट,” लंकाबाई म्हणाली. “बांगड्या भरून झाल्या तरी बाया उठत न्हाईत.”

“तिथं कोण असतं?”

“रंगुबाई. माज्यापरीस शानी हाय.”

“असं का?” तो कौतुकानं म्हणाला. “घरी कोण कोण आहे तिच्या?”

तेवढ्यात रंगुबाई बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीवर आली. रोजच्यासारखी तिनं हातातली सुपारी वर करून दाखवली आणि लंकाबाईला खुणेनं बोलावलं. मॅनेजर उत्तराची वाट पाहत होता. लंकाबाईनं कपाकडे पाहत सांगितलं, “ल्योक हाय एक. आंधळा. तिच्याच कमाईवर जगतोय.”