कागदाचे शर्ट

शाळांचे गणवेश शिवून झाले की शिलाईच्या दुकानात मंदी यायची, आणि मंदी आली की सगळ्यांच्या अंगात आळस मुरायचा. मशीनवरचा जाड्या फोनमध्ये डोकं खुपसून बसायचा. काजं-बटणं करणाऱ्या मावशी बसल्या बसल्या डुलक्या काढायच्या. दुसऱ्या मशीनवरच्या वहिनी तेवढ्या काहीतरी पुसत राहायच्या. मास्तर मात्र खरोखरच थकले होते. जन्मभर उभ्याने कापड बेतून गुडघे कुरकुरत होते, आणि अलीकडे कात्री धरली की उजव्या अंगठ्याला मुंग्या यायच्या. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. मालकांच्या कानावर गेलं असतं तर हातात नारळच मिळाला असता.

या मंदीत त्यांनी नवं खूळ काढलं. रोज सकाळी झाडलोट झाली की प्रत्येकाने जुन्या वर्तमानपत्रातून एक शर्ट बेतायचा. एकच, पण रोज, आणि तोही चहाच्या आधी. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. जाड्याने विचारलं, कागदाचे शर्ट घालणार कोण. मावशींनी कापलेली पहिली बाही पाहून तर मास्तरांनाही हसू आवरेना. पण हळूहळू गळे गोल झाले, बाह्या माणसाच्या हाताला होतील अशा दिसू लागल्या. मालकांच्या लक्षात यायच्या आत आपल्यामागे कुणीतरी तयार हवं, एवढंच मास्तरांच्या मनात होतं.

एका सकाळी त्यांनी वहिनींचा कागद आपल्या कागदावर ठेवला. बाकी सगळं जुळलं, बाही जोडायचा मुंढा तेवढा जुळेना. इतके दिवस घसा कोरडा केला तो फुकट गेला म्हणत मास्तरांनी टेप लावला. वहिनींचं माप बरोबर होतं. मास्तरांचं चुकलं होतं.

वहिनी खालच्या आवाजात म्हणाल्या, "मास्तर, तुमचा पुढचा मुंढा हल्ली खोल जातो. मी शिवताना शिलाईत कापड कमी धरते, म्हणजे ते भरून निघतं."

"कधीपासून?"

"गेल्या वर्षीच्या गणवेशांपासून. जाड्याही तसंच सांभाळून घेतो."

मास्तरांना राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच कळेना. आपण लपवतोय असं समजून ते वर्षभर ताठ मानेने उभे होते, आणि ही माणसं मुकाट्याने त्यांची चूक टाक्यांत जिरवत होती. लाजेने त्यांचे कान तापले. मग अंगठ्याचं सगळं त्यांनी सांगून टाकलं. मावशी म्हणाल्या, ठाऊक आहे, हल्ली कपही तुम्ही डाव्या हातात धरता.

मंदी सरली. पहिलं गिऱ्हाईक निळं कापड ठेवून गेलं. मास्तरांनी ते टेबलावर पसरलं आणि मालकांच्या देखत कात्री वहिनींना दिली.

"आणि तुम्ही?" मालकांनी विचारलं.

"माझा हात कापताना चुकतो. शिवताना नाही चुकत."

शर्ट बघून ठरवू, एवढं बोलून मालक तिथेच उभे राहिले. वहिनींनी शर्ट बेतला, आणि मास्तर त्यांच्या मशीनवर बसले. मुंढ्याशी आल्यावर त्यांनी श्वास रोखला, पण बाही एका दमात बसली. सांभाळून घेण्यासारखं त्यात काही नव्हतं. कात्री आता आपली राहिली नाही हे त्यांना टोचलं, आणि बसून काम करायला मिळालं म्हणून बरंही वाटलं.

मालकांनी शर्ट उजेडात धरून उलटसुलट पाहिला. मग पुढचं कापड उचललं आणि मास्तरांकडे न बघता थेट वहिनींपुढे ठेवलं.

"बाही मास्तरच लावतील," ते म्हणाले.