एकास तीन

रंगाच्या दुकानात त्याला सगळे शेडमास्तर म्हणत. आता शाळा आठवीत सुटलेल्या माणसाला मास्तर म्हणायचं म्हणजे थट्टाच, पण त्याने ती कधी मनावर घेतली नाही. गिऱ्हाईक भिंतीचा सुटलेला पोपडा रुमालात बांधून आणायचं आणि म्हणायचं, "हुबेहूब असाच हवा." हा पोपडा दाराच्या उजेडात धरायचा, डोळे बारीक करायचा, आणि पत्र्याच्या मगाने मोजून रंग ओतायला लागायचा. निळ्याचा एक, पांढऱ्याचे तीन, वर काळ्याचे दोन थेंब. लाकडी पट्टीने ढवळलं की झाला रंग तयार. बावीस वर्षांत एक डबा परत आला नव्हता. काही माणसांच्या हातालाच अक्कल असते, त्यातला हा.

डोक्याच्या अकलेबद्दल मात्र त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. आठवीत अपूर्णांक आले आणि याचं घोडं तिथेच अडलं. सरांनी दोन तास फळ्यासमोर उभं केलं, वर्ग हसला, आणि दुसऱ्या दिवसापासून पठ्ठ्या शाळेकडे फिरकलाच नाही. म्हणून घरात गणिताचं पुस्तक उघडलं की हा हळूच उठून पाणी प्यायला जायचा.

त्याची मुलगी दहावीत होती. गणितात हुशार, पण स्वभावाने घाबरट. बरोबर उत्तर लिहूनही तीनदा विचारणार, "बरोबर असेल ना?" तिला मुलींच्या निवासी विज्ञान शाळेत जायचं होतं. तिथे चाळीस जागा, प्रवेश परीक्षा, आणि वयाची अट अशी की आयुष्यात एकदाच बसता येणार. त्या शाळेच्या माहितीपत्रकात प्रयोगशाळेचा फोटो होता. तो बघून बघून कागदाची घडी फाटायला आली होती.

परीक्षेला चार दिवस उरले होते. अभ्यासासाठी वर्ग बंद झालेले, आणि हातात शाळेतल्या गणिताच्या बाईंनी दिलेल्या सराव पत्रिका. त्यांत उत्तरं छापलेली नव्हती, कारण उत्तरं दिली की मुली आधी तीच बघतात, असं बाईंचं म्हणणं. संध्याकाळी मुलगी मोठ्याने वाचत होती, "पिशवीत लाल आणि पांढऱ्या चेंडूंचं प्रमाण एकास तीन आहे. न बघता एक चेंडू काढला, तर तो लाल असण्याची संभाव्यता किती?"

शेडमास्तर पाणी प्यायला उठला होता, तो तसाच थांबला. एकास तीन! हे तर त्याचं रोजचं बोलणं. त्याने वहीत डोकावून बघितलं. तिने एक चतुर्थांश लिहिलं होतं, पंचवीस टक्के.

"अगं, चार कुठून आले यात? एकास तीन म्हटलंय ना? लाल एक, पांढरे तीन. तिनाला एक. म्हणजे एक तृतीयांश."

"पण बाबा, एकूण..."

"एकूण काय? बावीस वर्षं मी हेच करतोय. एकास तीन म्हणजे तिसरा हिस्सा. दुकानात कुणालाही विचार. आजवर माझा रंग चुकलाय कधी?"

आतून शिवणयंत्राची घरघर थांबली. "अहो, तुम्ही रंगात हात घाला, पुस्तकात नको," बायको म्हणाली. "पोरीला उगाच गोंधळात पाडाल."

"तू आपली काजं कर," तो हसून म्हणाला.

मुलीने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि उत्तर खोडलं. बाप आयुष्यात पहिल्यांदा तिच्या वहीशेजारी बसला होता. त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पुढच्या तिन्ही संध्याकाळी तो दुकानातून लवकर आला, हातपाय धुऊन चटईवर मांडी ठोकून बसला. प्रमाण आलं की हा सांगणार आणि ती लिहिणार. शेवटच्या दिवशी तर तो बायकोला म्हणालासुद्धा, "बघ, सर उगाच हसले मला. येत होतं मला गणित." खरं सांगायचं तर तितका सुखी तो लग्नातही नव्हता.

निकाल लागला. मुलगी चार गुणांनी हुकली.

"पेपर अवघड होता, बाबा," एवढंच ती म्हणाली. दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली. जवळच्या कॉलेजात विज्ञान नव्हतंच, तिथे मिळेल त्या शाखेत नाव घातलं. त्यानेच तिची समजूत घातली, की बाई गं, नशिबात नसतं एखादं. ती मान हलवायची.

चार महिने गेले. एके दुपारी तिच्या शाळेतल्या गणिताच्या बाई वर्गाच्या भिंतीसाठी फिकट हिरवा रंग घ्यायला दुकानात आल्या. मुलीचा विषय निघणारच.

"माझ्या जिवाला लागलंय ते," बाई म्हणाल्या. "मी मुद्दाम उत्तरपत्रिकेची प्रत मागवली. तीन प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. तिन्ही ठिकाणी पोरीने आधी बरोबर लिहिलंय, आणि नंतर खोडून चूक केलंय. तिन्ही ठिकाणी एकच चूक! कुणीतरी भलतंच शिकवलंय तिला. भेटू दे मला एकदा तो शहाणा."

"कोण असेल हो?" शेडमास्तर म्हणाला. त्याला खरंच राग आला होता. त्याने मग उचलला. "बघा बाई, तुमच्या भिंतीला हिरव्याचा एक मग, पांढऱ्याचे तीन. एक तृतीयांश हिरवा पुरे."

त्याने वर पाहिलं, तर बाई त्याच्याकडे अशा बघत होत्या की त्याला कळेना, रंग आवडला नाही की काय.

"मास्तर," त्या अगदी हळू म्हणाल्या, "बादलीत एकूण मग किती झाले?"

"चार."

"त्यांतले हिरवे?"

"एक," तो म्हणाला. "चारातला एक."

आणि त्याचा हात जागच्या जागी थांबला. बावीस वर्षं तो मग मोजून ओतत होता, म्हणून रंग कधी चुकला नव्हता. त्या मापाला त्याने मनात नाव काय दिलंय, याच्याशी भिंतीला काय देणंघेणं? पण पोरीचा पेपर म्हणजे भिंत नव्हती.

"तीन दुणे सहा," तो म्हणाला. "आणि कमी पडले चार."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत," बाई म्हणाल्या. त्याने रंग ढवळून दिला, झाकण ठोकून बसवलं, आणि मालकाला न सांगताच घरी निघाला.

मुलगी खिडकीपाशी वाचत बसली होती. चपला काढायचंही भान त्याला राहिलं नाही. "ते एक चतुर्थांशच होतं," तो म्हणाला.

तिने पुस्तक मिटलं. कशाबद्दल बोलतोय, हे तिने विचारलं नाही. "मला माहीत आहे, बाबा."

"केव्हापासून?"

"पेपर देऊन बाहेर पडले तेव्हाच मैत्रिणींनी सांगितलं."

"मग बोलली का नाहीस? मी इथे नशिबाच्या गोष्टी सांगत बसलो, आणि तू ऐकून घेतलंस?"

"तुम्ही किती खूश होतात त्या दिवसांत. पेपरात शेवटची दहा मिनिटं उरली होती. मला वाटलं, बाबा रोज हेच करतात, त्यांचं कसं चुकेल? म्हणून मीच खोडलं. तुम्ही थोडंच माझा हात धरला होता?"

तिने बापाला माफ करून टाकलं होतं, तेही चार महिन्यांपूर्वीच. हे त्याला सोसेना. फळ्यासमोरचे ते दोन तास याच्यापुढे काहीच नव्हते.

"असं नको बोलू," तो म्हणाला. "रागव माझ्यावर. मी चुकलोय, पोरी. तुला बोलायचा हक्क आहे."

"नाही, बाबा, जाऊ दे..."

"जाऊ नको देऊ! बोल!"

मग ती जी रडायला लागली, ती आतापर्यंत कधी रडली नव्हती अशी. "मला जायचं होतं, बाबा!" ती ओरडली. "मी बरोबर लिहिलं होतं! मला येत होतं सगळं! तुम्ही कशाला आलात मध्ये? मला तिथे जायचं होतं!"

बायको दारात येऊन उभी राहिली. ती काही बोलणार, तोच त्याने हाताने तिला थांबवलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचलं नाही.

"हो," तो म्हणाला. "तुला जायचं होतं. आणि तू गेली असतीस."