पिवळी धमक

लहान मुलांच्या वॉर्डातल्या आयाबाईंना सगळे 'रंगारीण' म्हणत. सव्वीस वर्षं त्यांनी मुलांची शीची भांडी उचलली, पण आत डोकावल्याशिवाय एकही ओतलं नाही. रंगांची नावं त्यांचीच : डांबरी, विटकरी, चहाचा चोथा. नवे डॉक्टर फिदीफिदी हसत, जुने निमूट केसपेपरवर उतरवून घेत. घराला रंग द्यायचा झाला तेव्हा मात्र बाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुम्हीच निवडा. मला रंग म्हटलं की भलतंच आठवतं."

माझ्या भाचीची साडेतीन वर्षांची मुलगी, आमची ठमी, तिथे दाखल झाली ती 'डांबरी' म्हणून. आतड्यात जन्मापासून रक्तवाहिन्यांचा गुंता होता आणि तो आतल्या आत झिरपत होता. सहा वेळा रक्त चढवलं. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडून गुंत्यासकट वीतभर आतडं काढलं आणि दोन्ही टोकं जोडली.

"पहिली काळीच येईल," बाईंनी भाचीला बजावलं. "ते जुनं रक्त. रडारड नको. दुसरी खरी. तीही काळी आली, तर मात्र अजून कुठेतरी झिरपतंय."

पहिली चौथ्या दिवशी झाली. काळी. दुसरी ठमीने रोखून धरली. ती भांड्यावर बसली की डॉक्टरांची पलटण धावत यायची, आणि मागोमाग सुई. तीन दिवस गेले. भाचीच्या तोंडचं पाणी पळालं.

"ठमाबाई, अडलंय कुठे?" रंगारीणबाईंनी विचारलं.

"सगळे बघतात."

"निर्लज्ज मेले! हाकलू?"

"मोठ्या डॉक्टरांना पण?"

"त्यांना आधी!"

हाकललं नाही, पण मोठ्या डॉक्टरांना आणि पाच शिकाऊंना बाईंनी भिंतीकडे तोंड करून रांगेत उभं केलं. "चोरून बघाल तर याद राखा."

"नाही हो बाई," मोठे डॉक्टर भिंतीला म्हणाले.

ठमी खुदकन हसली. हसता हसता काम झालं.

बाईंनी भांडं खिडकीशी नेलं, तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. भाचीने माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली.

"बाई, बोला की!" भिंतीकडून आवाज आला.

"पिवळी धमक!"

भाचीने माझं मनगट सोडलं. डॉक्टर आनंदाने वळणार, तोच ठमी किंचाळली, "थांबा! माझी चड्डी कुठंय?"