बुद्धी ह्याका दी!

सगळ्या भावकीसमोर देवाला सांगितलं गेलं की मला बुद्धी नाही. सुजलेला डोळा माझा. बुक्की नवऱ्याची. आणि गाऱ्हाणं माझ्या नावाने.

चुलत सासरे गावचे मानकरी. देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. ते मागणं म्हणतात, जमलेल्यांनी होकार द्यायचा, अशी आमच्याकडची रीत. आदल्या आठवड्यात मी मार खाऊन माहेरी, आचऱ्याला पळाले होते. आईनेच परत आणून सोडलं. म्हणाली, "सगळ्यांकडे असांच आसता गो बाये." माहेर संपलं. जाणार कुठे?

चुलत सासऱ्यांनी नारळ हातात धरला.

"बा देवा म्हाराजा, ह्या सुनेक बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. मीही म्हणाले. लहानपणापासूनची सवय, तोंडातून आपोआप गेलं. स्वतःचाच आवाज कानावर आला आणि अंगाची लाही लाही झाली. माझ्याच विरुद्ध मी होकार दिला होता.

"हिच्या तोंडाक आवर घाल, घराची अब्रू राख रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा!" मी ओरडले. "ह्यो माका मारता. बुद्धी ह्याका दी!"

भर देवळात नवऱ्याने दंड धरला. गाऱ्हाण्यासाठी थांबलेल्या आईने पदर ओढला, "गप रव गो!" एवढी माणसं, एकही मधे पडलं नाही. मी हिसडा देऊन सुटले आणि अनवाणीच मालवणची एसटी धरली.

ठाण्यात हवालदार म्हणाला, "घरातच मिटवता येत नाही का?"

"मिटवून मिटवूनच डोळा असा झालाय. लिहून घ्या."

केस चालू आहे. भाड्याच्या खोलीत राहते. नवरा कधी कधी समोरच्या रस्त्यावर येऊन नुसता उभा राहतो. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? तरी बायकांच्या बैठकीत मी मारणाऱ्याचं नाव घेऊन बोलते. मग कोणीतरी एकटी मागे थांबते, हळूच विचारते, "भय नाय वाटला तुका?"

"वाटला. आजूनय वाटता. चल ठाण्यात, मी येतंय."

तिच्या घरचे शिव्या घालोत, आतून कडी लावोत. जिने मला हाक मारली, ती बाहेर येईपर्यंत मी तिच्या दारातून हलणार नाही.