खाडाखोड नसलेली वही

शनिवारी सकाळी मी लेकीच्या वह्यांना नवी कव्हरं घालत बसले होते. ती तेव्हा तिसरीत होती. गणिताची वही उचलली तर मधलं एक पान निसटून मांडीवर पडलं. पाठोपाठ दुसरं पडलं. पिना जागच्या जागी होत्या, पण त्या पानांची जोडीची पानंच वहीत नव्हती. मी मोजून पाहिलं. शंभर पानांच्या वहीत छप्पन्न उरली होती.

या वहीचा मला केवढा अभिमान! पालकसभेला मी ती चाळत बसायची. प्रत्येक पानावर लाल बरोबरची खूण आणि कुठेही खाडाखोड नाही. मी औषधांच्या कंपनीत तपासणी विभागात काम करते. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हीच माझी नोकरी, पण त्या वहीत मला कधी एकही चूक सापडली नव्हती.

"पानं कुठे गेली गं?" मी विचारलं.

"फाडली."

"कोणी?"

"मीच. चुकलं की फाडायचं. मग मॅम फळ्यावर उत्तर लिहितात, ते नव्या पानावर उतरवायचं. सगळेच फाडतात, आई."

जेवायच्या आधी हात धुवायचे असतात, हे सांगावं तितक्या सहज तिनं ते सांगितलं.

मी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि वहीतलंच एक उदाहरण घातलं, चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर वजा. तिनं हातचा न मांडता लगेच उत्तर लिहिलं, दोनशे चोवीस. बरोबर. मग मी चारशे दोनच्या जागी पाचशे तीन केले. ती थांबली. बराच वेळ पेन्सिल चावली आणि लिहिलं, चारशे पंच्याहत्तर. माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असणार. तिनं वर पाहिलं, कागद टरकन फाडला, घडी घालून घालून एवढासा केला आणि मुठीत लपवला.

"दे बघू."

"नको. तू बघशील."

आठ वर्षांची माझी मुलगी माझ्यापासून एक वजाबाकी लपवत होती.

आदल्या वर्षी, दुसरीत, तिला शिकवायला वेगळ्या बाई होत्या. आमच्या या कानडी शहरातल्या चामराजपेटेतल्या, कित्येक पिढ्यांपूर्वी इथं येऊन राहिलेल्या मराठी घरातल्या. त्यांच्या मराठीत कानडी इतकं मिसळलेलं असायचं, की निपाणीहून आलेल्या मलाही कधीकधी दोनदा विचारावं लागायचं. त्यांच्या वर्गाचा गलका फाटकापर्यंत यायचा. वह्या खोडून खोडून काळ्या झालेल्या. चुकलेल्या उदाहरणाशेजारी त्या फक्त प्रश्नचिन्ह काढायच्या. एका पालकसभेत त्या सगळ्यांदेखत मला म्हणाल्या, "शून्य आलं की तुमची पोरगी अडते. हातचा मागायला शेजारच्या आकड्याकडे जावं तर त्याच्याकडेही काही नाही, मग करायचं काय, हे तिला अजून पटलेलं नाही. मी घाई करत नाहीये. स्वल्प वेळ द्या."

मला अपमान वाटला. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारी साचलेल्याच होत्या. मुख्याध्यापकांना पत्र लिहायचं ठरलं. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून ते मी लिहिलं. जवळजवळ सगळ्यांनी सह्या केल्या. वर्षअखेरीस त्या बाई शाळा सोडून गेल्याचं कळलं आणि आम्ही ग्रुपवर एकमेकांचं अभिनंदन केलं.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी सुट्टी टाकून शाळेत गेले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाई वयानं लहान, बोलायला फार अदबशीर. मी हिंदीत विचारलं, "मुलांना पानं का फाडायला लावता?"

त्या चिडल्या नाहीत. कपाटातून एक फोल्डर काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. त्यात माझ्या पत्राची प्रत होती. रुजू झाल्या त्याच दिवशी मुख्याध्यापकांनी ती त्यांच्या हातात दिली होती. एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती. मुलांच्या वह्यांत यापुढे खाडाखोड आणि चुका दिसू नयेत, अशी आमची अपेक्षा आहे.

"माझ्या आधीच्या टीचर यावरूनच गेल्या ना?" त्या हळूच म्हणाल्या. "मग मी काय करणार होते, मॅडम?"

मी त्या वाक्याकडे बघत राहिले. लिहिताना ते मला फार आवडलं होतं. दोनदा सुधारून मी ते असं नेमकं केलं होतं.

जुन्या बाईंचा पत्ता तिथल्याच एका शिक्षिकेनं दिला. पुढच्या रविवारी चामराजपेटेत गेले. त्या दार लावून घेतील अशी मनाची तयारी केली होती.

"अय्यो, तुम्ही! या, आत या," त्या म्हणाल्या. "पोरगी कशी आहे? शून्याशी जमलं का तिचं?"

मला खुर्चीत नीट बसताही येईना. म्हटलं, "अक्का, ते पत्र मी लिहिलं होतं."

"ठाऊक आहे. राग आला होता मला. अजून आहे." मग त्या कॉफी करायला आत गेल्या.

त्या आता शहराच्या दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमच्या एका शाळेत शिकवत होत्या. सकाळी सहाला घर सोडायच्या. परत याल का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण त्याच बोलत राहिल्या. त्या वर्गातलं कुठलं पोर कुठे अडायचं, कोणाला मोजताना बोटं लपवायची सवय होती, कोण उत्तर बरोबर काढूनही उगाच खोडायचा. एकेक पोर त्यांच्या डोळ्यासमोर होतं. नव्या बाईंनी सहा महिन्यांत माझ्या मुलीबद्दल 'व्हेरी गुड' सोडून काहीच सांगितलं नव्हतं, हे मला तिथं, कॉफीचा पेला हातात धरून, पहिल्यांदा जाणवलं. आणि त्यावरून मी त्यांना उत्तम शिक्षिका ठरवून बसले होते.

मी दुसरं पत्र लिहिलं, मागच्या पत्रात माझं काय चुकलं त्यासकट. ग्रुपवर टाकलं. तिघांनी सह्या केल्या, बाकी सगळे गप्प. तरी मुख्याध्यापकांनी पानं फाडणं बंद करवलं. नव्या बाई जिन्यात भेटल्या तेव्हा "थँक्स, मॅडम" म्हणून पटकन पुढे गेल्या. घरी मात्र लेक कितीतरी महिने माझी पाठ वळली की फाडायची. मी पाठ वळवायची आणि आवाज ऐकत राहायची.

जूनमध्ये ती चौथीत गेली. पहिल्या पालकसभेत मी चौथीच्या बाईंना एवढंच विचारलं, "तिला काय येत नाही?"

त्या म्हणाल्या, "अजून मला माहीत नाही. पंधरा दिवसांनी याल?"

मी गेले. त्यांनी गणिताबद्दल दोन गोष्टी सांगितल्या, त्या मला ठाऊक होत्या. मग त्यांनी विचारलं, "तिला मागच्या बाकावरून फळा दिसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे ना?"

मला माहीत नव्हतं. घरी येऊन लेकीला विचारलं. गेलं वर्षभर ती शेजारच्या मुलीच्या वहीतून उतरवत होती. त्याच आठवड्यात तिला चष्मा लागला.