डाव्या कोपऱ्यातली पांढरी रेघ

आमच्या मँचेस्टरच्या घरात सोफ्यावरच्या भिंतीवर एक भला मोठा फोटो आहे. काळीकुट्ट रात्र आणि तिच्यात ज्वालामुखीच्या तोंडातून उसळून दोन्ही बाजूंना ओघळलेल्या लाल-केशरी रेषा. आलेला पाहुणा आधी फोटोकडे बघतो आणि मग आमच्या ह्यांच्याकडे. हे मान किंचित झुकवून कौतुक स्वीकारतात. मी चहा आणायला आत जाते. तो फोटो मी काढलेला आहे.

हे हॉस्पिटलात डॉक्टर होते आणि मी त्याच हॉस्पिटलच्या तळघरात, मेडिकल फोटोग्राफीच्या खात्यात. भाजलेली कातडी, ऑपरेशनच्या आधीचं पोट, नंतरचं पोट, असले फोटो मी दिवसभर काढायची. फोटो काढणाऱ्याची सावली फोटोत पडता कामा नये, हा आमच्या खात्याचा दंडक. नाव तर कुठेच पडत नसे. डॉक्टरांचे लेख छापून येत, त्यावर डॉक्टरांची नावं असत आणि आतले फोटो जणू आपोआप उगवलेले असत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. पगाराचं काम होतं ते.

ज्वालामुखीचं तसं नव्हतं. तो मला हवा होता. ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात, पुण्याला जायचं ठरत असताना, मी हट्टच धरला की यंदा इटलीला जायचं, स्ट्रॉम्बोली नावाच्या बेटावर. तिथला ज्वालामुखी थोड्या थोड्या वेळाने उडतच असतो आणि माणसांना रात्री वर चढून बघता येतं. "पेटलेला डोंगर बघायला रजा घालवायची?" हे म्हणाले. पण आले. मुलगी लहान होती, तिला लंडनजवळ पिनरला मैत्रिणीकडे ठेवलं.

वाटाड्याबरोबर आम्ही अंधार पडता पडता वर पोचलो. माझ्या पाठीवर कॅमेरा आणि ट्रायपॉड, ह्यांच्या हातात टॉर्च. पायाखालची जमीन धडधडत होती, गंधकाच्या वासाने घसा खवखवत होता. असा फोटो खटकन निघत नाही. शटर उघडं ठेवायचं आणि लेन्ससमोर काळा पुठ्ठा धरून बसायचं. डोंगर गुरगुरला की पुठ्ठा बाजूला घ्यायचा, ठिणग्या खाली पडून विझेपर्यंत थांबायचं आणि पुन्हा पुठ्ठा धरायचा. हे मी तळघरात वाचून, घरी परसात रात्री फुलबाज्या लावून शिकले होते. शेजारच्या गोऱ्या बाईला वाटलं असेल, ह्यांची दिवाळी आली वाटतं.

मग डोंगर खरोखरच खवळला. पेटते दगड आधीपेक्षा कितीतरी उंच गेले आणि त्यातला एक पलीकडच्या उतारावर येऊन फुटला. वाटाड्या ओरडला, जागेवरून हलू नका, वर बघत राहा. माझ्या शेजारून हे उठले.

"मी चाललो. तू येतेस का?"

"पुठ्ठा काढलाय. थांबा ना जरा."

ते थांबले नाहीत. खाली जाणारी वाट आधी डावीकडच्या सोंडेवरून जायची, म्हणजे नेमकी माझ्या चौकटीतून. ह्यांच्या टॉर्चचा उजेड थरथरत, ठेचकाळत उतरताना मी पाहिला. पुठ्ठा धरला असता तर तो उजेड फिल्मवर आला नसता, पण स्फोटही गेला असता. मी धरला नाही. आयुष्यात इतक्या आनंदात मी क्वचितच असेन. शेजारी नवरा नाही, याचंसुद्धा भान नव्हतं.

स्लाइड्स धुऊन आल्या तेव्हा ती एक मी खिडकीच्या उजेडात धरली आणि एकटीच हसले. सगळं जमलं होतं. डाव्या कोपऱ्यात तेवढी एक बारीक, वाकडीतिकडी पांढरी रेघ. आमचे हे.

दिवाळीत मराठी मंडळाने चर्चचा हॉल भाड्याने घेतला आणि फराळानंतर आमचा स्लाइड शो ठेवला. आमच्या लोकांत रीतच होती, बोलायचं नवऱ्याने आणि प्रोजेक्टरचं बटण दाबायचं बायकोने. मी बटण दाबलं. हॉलभर "अरे वा!" उठलं आणि पडद्यापाशी उभे असलेले हे म्हणाले, "हा शॉट मिळवायला मला फार पेशन्स ठेवायला लागला."

माझं पित्त खवळलं. मी अंधारात होते म्हणून बरं.

एका इंजिनिअरने विचारलं, "डॉक्टर, एक्स्पोजर काय होतं हो?"

"एक साठांश सेकंद," हे ठणकावून म्हणाले. तेवढ्यात उदबत्तीच्या टोकाएवढा ठिपका आला असता. इंजिनिअरने मान डोलावली.

"आणि ही व्हाइट लाइन कसली?"

"तो आमचा गाईड. घाबरला बिचारा."

परतताना गाडीत मी भांडले. "अगं, आपल्यात काय तुझं-माझं?" असं म्हणून झालं. मग ते म्हणाले, "चारचौघांत काय सांगू? मी पळालो?" ते खरं बोलले आणि मी विरघळले. त्यांच्या हाताखाली शिकलेली गोरी मुलं कन्सल्टंट होऊन वरच्या जागी गेली होती आणि हे होते तिथेच होते. हॉस्पिटलात त्यांना कुणी "वा" म्हटल्याला वर्षं लोटली होती. म्हणून मी गप्प बसले. दया येऊन दिलेली वस्तू परत कशी मागायची, ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही मुकाट्याने जवळच्या डोंगराळ लेक डिस्ट्रिक्टला गेलो. उतार आला की मुलगी धावत येऊन माझा हात घट्ट धरायची. त्या सुट्टीत तेवढंच काय ते सुख होतं.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा हे निवृत्त झाले. मुलगी एडिनबराला नोकरी करत होती. तिने बाबांना सरप्राइज म्हणून ती स्लाइड गुपचूप नेऊन ह्यांच्या सहकाऱ्यांना दिली आणि त्यांनी तिची मोठी प्रिंट फ्रेम करून निरोप समारंभात ह्यांना भेट दिली. फ्रेमच्या खाली पितळी पट्टीवर ह्यांचं नाव. एका नर्सने पांढऱ्या रेघेवर बोट ठेवलं, हे काय म्हणून विचारलं. ह्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"दॅट्स माय वाइफ," म्हणाले. "रनिंग अवे."

सगळे हसले, अगदी प्रेमाने. माझ्या हातात केकची ताटली होती. मी ती पुढच्या माणसापुढे धरली. रेघ गाईडची होती तोवर मी निदान कॅमेऱ्यामागे असू शकत होते. आता मला चौकटीत आणून पळायला लावलं होतं. पळणारी बाई फोटो कसा काढणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी विसळत होते, मुलगी पुसत होती. तिला तरी सगळं सांगायचं, असं मी ठरवलं होतं.

"त्या फोटोत ती रेघ आहे ना..." मी सुरुवात केली.

तिने टॉवेल ठेवला आणि मला मिठी मारली. "आई, आय नो. मी लहान होती तेव्हाच बाबांनी मला सांगितलं. तू कधी बोलत नाहीस त्याच्याबद्दल, सो मीपण विचारलं नाही. इट्स ओके टू बी स्केअर्ड, यू नो."

लेक डिस्ट्रिक्टच्या उतारांवर ती माझा हात का धरायची, ते मला सिंकपाशी उभ्या उभ्या कळलं. मंडळात गाईड पळाला होता, आणि घरात, पोरीला झोपवताना, आई. तिने ते इतकी वर्षं मायेने झाकून ठेवलं होतं. मला वाईट वाटू नये म्हणून. फोटो त्यांनी आपल्या नावावर घेतला, तो मी सोडून दिला होता. हे मात्र मी त्यांना माफ केलेलं नाही, करणारही नाही.

तिचे हात अजून माझ्या गळ्यात होते.

"हो गं," मी म्हणाले, "फार घाबरले होते."